लग्नाचा केक: प्रथा, तयारी आणि सजावट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लग्नाच्या केकबद्दल विचारणारे बहुतेक जण सुरुवात डिझाइनपासून करतात: रंग कोणता, फुलं कोणती, वर नाव लिहायचं की आद्याक्षरं. माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. खाणारी माणसं किती, केक किती तास बाहेर उभा राहणार, त्या दिवशी हवा कशी असणार आणि तो तिथवर जाणार कसा, एवढं ठरलं की निम्मं डिझाइन आपोआप ठरतं. उरलेलं निम्मं हौसेचं. प्रथांबद्दलचे प्रश्न आधी घेतले आहेत, कारण "असंच करावं लागतं ना?" ही धास्ती बऱ्याच जणांना असते.

लग्नात केक कापण्याची प्रथा आली कुठून?

प्राचीन रोममध्ये उच्चकुलीन घराण्यांत एक विवाहविधी होता, त्यात वधू-वर एका जुन्या जातीच्या गव्हाची भाकरी देवाला वाहून एकत्र खात. गोड, सजवलेल्या केकशी तिचा संबंध लांबचाच. पुढे इंग्लंडमध्ये लग्नाला चक्क खारी 'पाय' (पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ) असायची. रॉबर्ट मे या आचाऱ्याच्या १६६० सालच्या पाकपुस्तकात अशा 'ब्राइड पाय'ची कृती आहे. तिच्या सारणात कालवं आणि कोंबड्यांचे तुरे आहेत, आणि पाहुण्यांची करमणूक म्हणून एका कप्प्यात जिवंत पक्षी किंवा साप ठेवायची सूचनाही! आजच्या केकच्या जवळ जाणारी कृती सापडते ती एलिझाबेथ रॅफल्डच्या १७६९ च्या पुस्तकात: सुकामेव्याचा भरगच्च केक, त्यावर बदामाच्या पेस्टचा थर आणि त्यावर साखरेचं पांढरं आयसिंग. ही तीन पदरी रचना अडीचशे वर्षांनंतरही फ्रूट केकसाठी तशीच वापरली जाते.

केक पांढराच असावा लागतो का?

मुळीच नाही. पांढरा रंग आला तो साखरेमुळे. एके काळी शुभ्र, बारीक दळलेली साखर महाग होती, त्यामुळे आयसिंग जितकं पांढरं तितका यजमानाचा खिसा जड असा सरळ अर्थ होता. १० फेब्रुवारी १८४० ला राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. त्या केकचं वजन सुमारे ३०० पौंड, म्हणजे १३६ किलोच्या आसपास, आणि घेर तीन यार्ड. त्याची चित्रं आणि वर्णनं सगळीकडे पोचली आणि पांढरा केक हाच 'खरा' लग्नाचा केक ठरला. आज साखरेचं कुणाला अप्रूप नाही, तेव्हा कपड्यांना किंवा मांडवाला शोभेल तो रंग खुशाल घ्या. फक्त गडद लाल, काळा, गडद निळा असे रंग खाणाऱ्यांच्या दात-ओठांवर उतरतात, आणि लग्नात फोटो तर सतत निघत असतात.

एकावर एक मजले कधीपासून चढले?

१८५८ मध्ये व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात उंच मजली केक होता, पण खरा केक फक्त तळाशी. वरचं सगळं साखरकाम. वरपासून खालपर्यंत खरा केक असलेला मजली केक १८८२ मध्ये, त्या मुलीचा भाऊ प्रिन्स लिओपोल्ड याच्या लग्नात आला. हे शक्य झालं ते दगडासारखं घट्ट होणाऱ्या रॉयल आयसिंगमुळे (अंड्याचा पांढरा भाग आणि आयसिंग शुगर) आणि मधल्या खांबांमुळे. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाचा केक नऊ फूट उंच होता. महायुद्धानंतरच्या रेशनिंगचे ते दिवस, त्यामुळे त्याचं बरंचसं साहित्य ऑस्ट्रेलियाहून भेट म्हणून आलं होतं. आणि २०१८ मध्ये प्रिन्स हॅरीच्या लग्नात मात्र फ्रूट केक नव्हताच. लिंबू आणि एल्डरफ्लॉवर या सुगंधी फुलाच्या स्वादाचा, बटरक्रीम लावलेला, ताज्या फुलांचा केक होता. राजघराण्याने सोडलेली प्रथा आपण कशाला धरून बसायची?

सगळ्या देशांत लग्नाचा केक असाच असतो का?

फ्रान्समध्ये क्रोकाँबूश असतो: क्रीम भरलेले छोटे शू पेस्ट्रीचे (आतून पोकळ फुगणारे) गोळे पाकवलेल्या साखरेने चिकटवून उभा केलेला शंकू. तो कापत नाहीत, फोडून वाटतात. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये बदामाच्या पिठाची कडी लहान-लहान होत एकावर एक रचतात. युक्रेनमध्ये कोरोवाय नावाचा कणकेची फुलं-पाखरं लावलेला मोठा पाव असतो. बर्म्युडात वराच्या केकला सोन्याचा वर्ख आणि वधूच्या केकला चांदीचा, आणि वर सीडरचं छोटं रोप, जे नंतर जमिनीत लावायचं. जपानमध्ये कित्येक समारंभांत समोरचा भव्य केक खोटाच असतो; सुरी घालायला एका बाजूला फट ठेवलेली असते आणि पाहुण्यांना आतून कापलेला दुसरा केक येतो. मला ही जपानी पद्धत अतिशय व्यवहारी वाटते, तिच्याकडे पुढे पुन्हा येऊच.

वधू-वरांनी मिळूनच का कापायचा?

पूर्वी इंग्लंडमध्ये केक वधू एकटीच कापायची. पाहुणे वाढले, केक मोठे झाले, रॉयल आयसिंग कडक होत गेलं, तसा वराने सुरीला हात लावायला सुरुवात केली. म्हणजे आज जो क्षण फोटोसाठी सगळ्यात हवासा, तो निव्वळ जोर कमी पडला म्हणून आला. केकचा तुकडा उशीखाली ठेवला की होणारा नवरा स्वप्नात दिसतो, अशीही तिथे समजूत होती. कापताना सुरी तळाच्या मजल्याला लावा. वरच्या मजल्यावर जोर दिला तर सगळा डोलारा हलतो.

किती माणसांना किती मोठा केक लागतो?

लग्नात वाटायचा तुकडा वाढदिवसापेक्षा बराच लहान असतो: २.५ × ५ सेंमी, आणि उंची मजल्याएवढी, साधारण १० सेंमी. या मापाने गोल केकमधून १५ सेंमीच्या (६ इंची) मजल्यात १२, २० सेंमीच्या मजल्यात २४, २५ सेंमीच्या मजल्यात ३८ आणि ३० सेंमीच्या मजल्यात ५६ तुकडे निघतात. ६-८-१० इंची तीन मजल्यांचा केक म्हणजे ७४ तुकडे. खाली १२ इंची जोडला तर १३०. फ्रूट केक जड असतो, त्याचा २.५ सेंमीचा चौकोनही पुरतो, त्यामुळे आकडे जवळपास दुप्पट होतात.

पाहुणे तीनशे असतील तर सहा मजले चढवायच्या भानगडीत पडू नका. दोन-तीन मजले दाखवायला ठेवा आणि बाकीचा तोच केक सपाट ट्रेमध्ये भाजून, साधं आयसिंग करून स्वयंपाकघरात तयार ठेवा. ताटलीत आल्यावर तुकडा कुठल्या केकचा हे कुणालाही कळत नाही. उंचीच हवी असेल तर त्या जपानी पद्धतीसारखा एखादा मजला थर्माकोलचा करा आणि त्यावर खरं आयसिंग चढवा. फक्त तो कोणता ते कापणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

आठ इंची टिनची कृती बारा इंची टिनला कशी बदलायची?

व्यासाच्या नाही, क्षेत्रफळाच्या हिशेबाने. व्यासाचा वर्ग करायचा आणि भागायचं. ८ चा वर्ग ६४, १२ चा १४४; १४४ ÷ ६४ = २.२५. म्हणजे साहित्य सव्वादोन पट, दीड पट नव्हे. ८ वरून १० इंचीला जायचं तर सुमारे १.५६ पट. चौकोनी टिनमध्ये त्याच मापाच्या गोल टिनपेक्षा २७ टक्के जास्त मिश्रण मावतं. मोठा केक १८० अंशांवर भाजला तर कडा कोरड्या पडतात आणि मध्य कच्चा राहतो, म्हणून १६० च्या आसपास, जास्त वेळ. टिनभोवती ओल्या कापडाची पट्टी गुंडाळली तर माथा सपाट येतो.

स्पंज घ्यावा की फ्रूट केक? बिनअंड्याचा चालेल का?

हातात वेळ असेल आणि खाणाऱ्यांना आवडत असेल तर करणाऱ्यासाठी फ्रूट केकसारखं सुख नाही. दोन-तीन महिने आधी करून ठेवता येतो, अधूनमधून ब्रँडी किंवा संत्र्याचा रस चोळून मुरवता येतो (रस वापरला तर तितके आठवडे बाहेर ठेवू नका), वजन पेलतो आणि उन्हाने बिघडत नाही. पण आजकाल बहुतेकांना मऊ केक हवा असतो. अशा वेळी अगदी हलका, हवेसारखा स्पंज टाळा. लोणी घातलेला, जरा घट्ट पोताचा केक निवडा.

बिनअंड्याचा केक नक्की चालतो. कंडेन्स्ड मिल्कचा किंवा दह्याचा चांगला होतो, मात्र तो कापताना जास्त भुरभुरतो. म्हणून पूर्ण गार करून, शक्यतो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मगच थर कापा, आणि आतल्या आधारात कंजुषी करू नका.

किती दिवस आधी सुरुवात करायची?

साखरेची फुलं दोन-तीन आठवडे आधी. ती वाळलेलीच हवी असतात. फ्रूट केक असेल तर बदामाचा थर लग्नाच्या आठवडाभर आधी, तो दोन-तीन दिवस सुकू द्यायचा, मग पांढरं आयसिंग. स्पंजचं गणित वेगळं: तीन दिवस आधी भाजा, दोन दिवस आधी भरा आणि क्रम्ब कोट (चुरा धरून ठेवणारा आयसिंगचा पहिला पातळ थर) द्या, आदल्या दिवशी फाँडंट (साखरेची पोळीसारखी लाटून केकवर चढवायची पेस्ट) आणि सजावट. लग्नाच्या दिवसासाठी फक्त जोडणी आणि ताजी फुलं ठेवा. गडद रंगाचं आयसिंग आदल्या दिवशीच कालवा, कारण रंग रात्रभरात एक-दोन छटा गडद होतो. ताजं असताना हवा तो रंग येईपर्यंत ओतत बसलात तर सकाळी कडू आणि काळपट होतं.

आयसिंग कोणतं निवडावं?

इथे चवीआधी तापमान बघा. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे गरम हवेत, उघड्यावर बटरक्रीमचा केक तासाभरात घामेजतो आणि नंतर नोझलने काढलेली फुलं खाली सरकू लागतात. थंड, वातानुकूलित सभागृह असेल तर बटरक्रीमला तोड नाही. साध्या प्रकारात लोण्याच्या दुप्पट आयसिंग शुगर. गोड फार, पण जमायला सोपं. स्विस प्रकारात अंड्याचा पांढरा भाग आणि साखर ७१ अंशांपर्यंत तापवून फेसतात आणि मग लोणी घालतात. ते रेशमी होतं, कमी गोड लागतं आणि गुळगुळीत कडा त्यानेच येतात. फेसताना फाटलं तर घाबरू नका, फेसत राहा. लोणी थंड असेल तर भांडं बाहेरून जरा कोमट करा, आणि पातळ झालं असेल तर पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेसा.

उकाड्यात मी गनाशच्या बाजूने आहे. डार्क चॉकलेट असेल तर चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग, पांढरं चॉकलेट असेल तर तीनास एक, वजनाने. रात्रभर सेट होऊ दिलं की त्याचं कवच तयार होतं, कडा काटकोनात येतात आणि वर फाँडंट सुरेख बसतो.

व्हीप क्रीम सगळ्यांना खायला आवडतं, पण त्यावर फाँडंट चढवू नका. पाणी सुटतं आणि फाँडंट विरघळायला लागतो. रॉयल आयसिंगमध्ये अर्धा किलो साखरेला चमचाभर ग्लिसरीन घातलं तर ते सुरीने कापण्याइतकं मऊ राहतं. नाजूक जाळीकामाच्या आयसिंगमध्ये मात्र ग्लिसरीन नको, ते वाळतच नाही. कच्च्या अंड्याची धास्ती असेल तर पाश्चराइज्ड पांढरा भाग किंवा मेरिंग पावडर वापरा. मेरिंग पावडरही अंड्याचीच असते, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांना ती बिनअंड्याची म्हणून देऊ नका. छोले शिजवलेलं घट्ट पाणी फेसून तसंच आयसिंग जमतं.

वरचे मजले खाली खचत का नाहीत?

कारण ते केकवर उभे नसतातच. प्रत्येक मजल्याखाली त्याच मापाचा कडक केक बोर्ड असतो आणि तो बोर्ड खालच्या मजल्यात उभ्या खोचलेल्या काड्यांवर टेकतो. या काड्यांना डॉवेल म्हणतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मिळतात. इमारतीत भार भिंतीच्या गिलाव्यावर नाही, खांबांवर असतो, तसंच हे.

करायचं असं. खालच्या मजल्यावर वरच्या बोर्डाएवढं वर्तुळ हलकेच आखून घ्या. एक डॉवेल मध्याजवळ सरळ तळापर्यंत खोचा, पृष्ठभागाशी खूण करा, बाहेर काढा आणि बाकीचे सगळे अगदी त्याच उंचीचे कापा. प्रत्येक ठिकाणी वेगळं माप घ्यायचा मोह आवरा. केकचा पृष्ठभाग कुठे वर, कुठे खाली असतो आणि मापं वेगळी झाली की वरचा मजला तिरपा बसतो. वरचा मजला ६ इंची असेल तर चार-पाच डॉवेल, ८ इंची असेल तर सहा, १० इंची असेल तर आठ, सगळे वर्तुळाच्या थोडे आत. दोनच मजले असतील आणि हलका केक असेल तर जाड स्ट्रॉही चालतात. तीन किंवा जास्त मजले जोडून न्यायचे असतील तर शेवटी एक लांब, टोक काढलेला डॉवेल सगळ्या बोर्डांमधून थेट तळाच्या पाटापर्यंत ठोका. बोर्डांना मध्यभागी आधीच भोक पाडून ठेवलं तर फार ठोकाठोक करावी लागत नाही.

आणि तळाचा पाट कडक हवा. पातळ पुठ्ठा उचलताना वाकतो, आणि आयसिंगला पहिली चीर तिथेच जाते.

बाजूने फुगवटा येतो, तो कशामुळे?

भरलेला केक बसायच्या आत घाईने आयसिंग केलं की थरांतली हवा आणि सारण नंतर बाहेर ढकललं जातं. केक भरून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर हलकं वजन ठेवून रात्रभर राहू द्या. जॅम किंवा फळांचं सारण असेल तर थराच्या कडेने घट्ट बटरक्रीमचा बांध घाला आणि सारण त्याच्या आतच ठेवा.

फाँडंट फाटतो, सुरकुततो, ओला होतो. काय करावं?

फाटण्याचं कारण बहुधा कोरडेपणा किंवा फार पातळ लाटणं. जाडी ३-४ मिलिमीटर ठेवा, हाताला किंचित शॉर्टनिंग (घट्ट वनस्पती तूप) लावून मळा. किती मोठा लाटायचा? व्यास अधिक दुप्पट उंची अधिक ५ सेंमी. २० सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच केकला ४५ सेंमीची पोळी लागते. केकवर टाकल्यावर आधी माथा आणि वरची कड चिकटवा, मग घडी पडेल तिथे कापड ओढल्यासारखं खाली न ओढता घेर बाहेरच्या बाजूला उलगडत हाताने चिकटवत जा.

फ्रिजमधून काढल्यावर फाँडंटवर दव धरतं. पुसू नका, बोट लावू नका; पंख्याच्या हवेत आपोआप सुकतं. मुळात फाँडंटच्या केकमध्ये फ्रिजची गरज नसलेलं सारण भरलं तर ही कटकटच उरत नाही. ताजं क्रीम, कस्टर्ड, चिरलेली फळं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

केकवर खरी फुलं लावली तर चालतात का?

चालतात, पण कोणती आणि कशी ते महत्त्वाचं. कण्हेर, धोत्रा, घाणेरी, डॅफोडिल, हायड्रेंजिया, लिली ऑफ द व्हॅली ही विषारी आहेत. गुच्छात शोभून दिसतात म्हणून केकवर लावायची नाहीत. गुलाब, पॅन्सी खाण्याजोगी आहेत, पण फुलवाल्याकडच्या फुलांवर बहुतेकदा कीटकनाशक फवारलेलं असतं. खायची असतील तर खाण्यासाठी वाढवलेलीच घ्या. नुसती शोभेची असली तरी देठ थेट केकमध्ये खुपसू नका. स्ट्रॉचा तुकडा घ्या, देठाला टेप गुंडाळा, मग खोचा. आणि कापायच्या आधी सगळी काढून घ्या.

सोनेरी चमकी आणि पावडर सुरक्षित असतात का?

डबीवर 'खाण्यायोग्य' लिहिलं असेल आणि घटकांची यादी असेल तरच. नुसतं 'नॉन-टॉक्सिक' असेल तर ती खाण्यासाठी नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन मुलांना उलट्या झाल्या. कारण निघालं केकवरची चमकदार पावडर, तिच्यात तांबं भरपूर होतं. या बाबतीत दुकानदाराच्या "सगळे हेच नेतात" वर विसंबू नका.

साखरेची फुलं घरी जमतात का?

जमतात, हात बसायला वेळ लागतो. फाँडंटमध्ये थोडी सीएमसी किंवा टायलोज पावडर (घट्टपणा आणणारी खाद्य पावडर) मळली की गमपेस्टसारखी, वाळून कडक होणारी पेस्ट तयार होते आणि कागदाइतकी पातळ लाटता येते. सुरुवात गुलाबाने करा. पाकळ्या कमी-जास्त झाल्या तरी गुलाब गुलाबच दिसतो. दमट हवेत फुलं बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, फ्रिजमध्ये नको. जांभळा रंग उजेडात उडून निळसर होतो, तेव्हा डबा अंधारात.

केक नेताना काय काळजी घ्यायची?

मांडीवर नाही, सीटवर नाही. सीट मागे कललेली असते. गाडीच्या सपाट तळावर, खाली न घसरणारी मॅट, एसी निघण्याआधी दहा मिनिटं चालू. तीनपेक्षा जास्त मजले असतील तर सुटे न्या आणि तिथे जोडा. सोबत थोडं आयसिंग, पायपिंग बॅग, पॅलेट नाइफ, दोन-चार जादा फुलं आणि ओलं फडकं असावंच. टेबल हलतं का ते केक ठेवण्याआधी तपासा. उन्हाची तिरीप संध्याकाळी कुठे येईल ते बघून जागा ठरवा; व्हिडिओवाल्यांचे दिवेही चांगलेच तापतात.

वाटायला कापायचा कसा?

फोटो झाले की केक आत न्या आणि मजले वरून खाली सुटे करा. डॉवेल मोजून बाहेर काढा, एकही आत राहता कामा नये. गोल केकचे त्रिकोणी तुकडे करू नका. कडेपासून ५ सेंमी आत गोल कापा, त्या कड्याचे २.५ सेंमीचे तुकडे करा, मग आतलं कडं. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घेतली की आयसिंग चुरत नाही.

वरचा मजला वर्षभर जपून ठेवावा का?

ही प्रथा इंग्लंडमधली. तो मजला पहिल्या बाळाच्या बारशासाठी ठेवत, पुढे अमेरिकेत तो पहिल्या वाढदिवसाला, म्हणजे लग्नाच्या, खाल्ला जाऊ लागला. मुरवलेल्या फ्रूट केकला हे शोभतं. स्पंज ठेवायचाच असेल तर फुलं आणि तारा काढून उघडाच तासभर फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या, मग प्लॅस्टिकच्या दोन-तीन पदरांत आणि वर फॉइलमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. खायच्या आदल्या दिवशी, न उघडता, फ्रिजमध्ये काढा. चव ताज्या केकची नसेल. माझा सल्ला विचाराल तर वरचा मजला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर संपवा आणि वर्षाने त्याच कृतीचा छोटा केक नव्याने करा.